हत्ती अडवणारं दार

आमच्या घरातून अख्खं गाव जायचं. हे मी उगाच मीठमसाला लावून सांगत नाहीये, खरोखरच जायचं. फुलंब्रीच्या पुढं, वेरूळच्या अलीकडं, डोंगराच्या कडेला कोळदरा नावाचं आमचं गाव, आणि गावाच्या तोंडाशी काळ्या दगडाची वेस, म्हणजे गावाचा मोठा दरवाजा. त्या वेशीच्या कमानीखाली रस्त्याच्या दोन्ही अंगांना पूर्वीच्या पहारेकऱ्यांसाठी बांधलेल्या दोन दगडी खोल्या होत्या. त्यांना देवड्या म्हणायचे. डावीकडच्या देवडीत आमचं स्वयंपाकघर, उजवीकडच्या देवडीत आमची झोपायची जागा आणि मधून गावाचा रस्ता. त्यामुळं जेवून झोपायला जायचं म्हणजे आम्हाला रस्ता ओलांडावा लागायचा. अम्मी खट्ट्याचं, म्हणजे चिंचेच्या आंबट साराचं, पातेलं घेऊन खिचडीकडं निघाली आणि तेवढ्यात कुणाची बैलगाडी आली, की खिचडी तिकडं गार होत बसायची आणि खट्टा इकडं. एखाद्याची वरात आली तर आमची भूकच मरायची. आज संभाजीनगरच्या माझ्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघरातून बेडरूमकडं जाताना कधीकधी मी नकळत दोन्ही बाजूंना बघून घेते. सून हसते. हसू दे. तिच्या घरातून कधी उसाचा ट्रॅक्टर गेलेला नाही.

हे घर आमच्याकडं आलं ते अब्बांच्या पणजोबांपासून. ते या वेशीचे दरवान होते. त्यांना कोणत्या नवाबानं नेमलं होतं ते अब्बा फार अभिमानानं सांगायचे, फक्त नवाबाचं नाव दर वेळी वेगळं असायचं. नवाब गेले, निजाम गेला, पण दरवानकी काही गेली नाही. रोज दिवेलागणीला अब्बा डोक्याला रुमाल बांधून उठायचे, दोन्ही दारं कुरकुरत लोटायचे, आडणा घालायचे आणि गावाकडं तोंड करून सांगायचे, "दरवाजा बंद." यात अडचण एकच होती. वेशीला लागून जी तटबंदी होती ती कधीच नाहीशी झालेली होती. दरवाजा तेवढा उभा, दोन्ही बाजूंना मोकळं रान. डावीकडून उकिरड्याच्या कडेनं चार पावलं टाकली की माणूस गावात. म्हशी तशाच यायच्या, कुत्री तशीच यायची. माणसं मात्र यायची नाहीत. शहरातून उशिरा आलेला माणूस बंद दारासमोर उभा राहून हाक मारायचा, "करीमभाई, उघडता का?" अब्बा आतून विचारायचे, कोण, कुठून आला, एवढा उशीर का. तो बापडा सगळं सांगायचा. मग अब्बा दार उघडायचे, तेही थोडी कुरकुर करून. नव्या जावयांना हे कळायचं नाही. ते वळसा घालून येऊ लागले की सासरेच त्यांना मागं ओढायचे. गावाला अब्बांची दया यायची की गंमत वाटायची, का खरंच वाटायचं की दरवाजा बंद आहे, हे मला अजून कळलेलं नाही. बहुतेक तिन्ही असावं.

तटबंदीचे दगड गेले कुठं, असं गावात कुणी कुणाला विचारत नसे, कारण प्रत्येकाला स्वतःपुरतं उत्तर माहीत होतं. सरपंचांच्या ओट्याला तेच दगड होते. मारुतीच्या देवळाच्या पायऱ्यांना, मशिदीच्या हौदाला, बुद्धविहाराच्या कट्ट्याला आणि शाळेतल्या झेंड्याच्या चौथऱ्यालाही तेच. मी पुढं तीस-पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं आणि सर्वधर्मसमभावावर पोरांकडून ढिगानं निबंध लिहून घेतले. पण तो मी प्रत्यक्षात बघितला असेल तर आमच्या गावच्या या दगडचोरीतच.

कमानीखाली राहण्याचे आणखी दोन ताप होते. एक कबुतरं. दुसरा आवाज. त्या घुमटीत बोललेला शब्द परतून यायचा. अम्मी मला एकदा रागवायची आणि कमान दोनदा. माझ्या भाकरीला आलेले कोपरे, माझं न पाठ झालेलं पाढ्यांचं पान, सगळं गावाला घरबसल्या कळायचं. तरी हे चालून जायचं. चालत नव्हतं ते एकच, आंघोळ. स्वयंपाकघराच्या देवडीच्या कोपऱ्यात अम्मीनं ताडपत्री टांगली होती. तिच्यामागं बसून ती उजाडायच्या आत न्हायची. तेवढ्यात कुणाची गाडी आलीच तर अब्बा काठी घेऊन रस्त्यात उभे राहायचे आणि सांगायचे, "थांबा, घरात न्हाणं चाललंय." गाडीवाला थांबायचा. मागची गाडीही थांबायची. दूधवाला विचारायचा की भाभीचं झालं का. म्हणजे परदा इतका कडक होता, की माझी आई कधी न्हायली, किती वेळ न्हायली आणि केस धुतले की नाही हे सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक असायचं. आणि कमान होतीच. तांब्यानं पाणी घेतलं की त्याचा आवाज मारुतीच्या देवळापर्यंत जायचा. म्हणून अम्मी पाणी अंगावर ओतायची नाही, हळूहळू सोडायची.

मी मोठी झाले तसं अम्मीनं ठरवलं की हे पुरे. स्वतःसाठी तिनं आयुष्यात कधी काही मागितलं नव्हतं, माझ्यासाठी मात्र ती अडून बसली. "मेरी बेटी का नहाना गाडीवालों से पूछके नै होता," असं तिनं अब्बांना सांगितलं आणि तेव्हापासून चूल पेटली तरी तिच्यासमोर मुकाट्यानं बसू लागली. माझी आई मुकी झाली की घरात राहणं अवघड होतं. अब्बा दोन दिवसांत कबूल झाले. वेशीच्या डाव्या अंगाला, जिथून म्हशी वळसा घालायच्या नेमक्या त्याच जागी, न्हाणी बांधायचं ठरलं.

बांधायला सुखदेवकाका आले. बुद्धवाड्यातले गवंडी, अब्बांचे लहानपणापासूनचे दोस्त. तोंडानं भारी फटकळ माणूस. विटा आणायची आमची ऐपत नव्हती आणि सिमेंट तर लग्नातल्या मानपानासारखं वशिल्यावर मिळायचं, म्हणून त्यांनी गावाच्या रीतीप्रमाणं ओढ्यात पडलेले तटबंदीचे उरलेसुरले दगड गोळा केले. मी आणि अम्मीनं ते डोक्यावरून वाहिले. कुणावर कमळ कोरलेलं, कुणावर अर्धा मोर. सुखदेवकाकांनी चुना मळला, पडक्या बुरुजाच्या खिडकीची छोटी कमान तशीच्या तशी दाराच्या जागी बसवली आणि वर फरशा टाकल्या. पाणी तापवायला आत एका कोपऱ्यात चूलही केली. तिच्या धुरानं महिन्याभरातच भिंती अशा काळ्या झाल्या, की न्हाणी नवी आहे हे आम्हालाही आठवावं लागायचं.

राहिलं दार. वेशीच्या मोठ्या दरवाजात माणसापुरतं एक छोटं दार होतं, दिंडी म्हणायचे तिला. तिच्या बिजागऱ्या केव्हाच निखळल्या होत्या आणि अब्बा ती रोज संध्याकाळी उचलून जागेवर टेकवून ठेवायचे. सागवानी, जाड, आणि बाहेरून लोखंडाचे टोकदार खिळे ठोकलेली. शत्रूच्या हत्तीनं धडक दिली तर त्याचं डोकं फुटावं म्हणून ते खिळे. अम्मीनं ती दिंडी मागितली. अब्बा इतके दुखावले की जेवले नाहीत. पणजोबांनी राखलेलं दार न्हाणीला लावायचं? लोक काय म्हणतील? अम्मीनं त्यांच्यासमोर ताट ठेवलं आणि एकच विचारलं, "तुमारा दरवाजा रोकता किसकू, जी? हाथी तो अब आते नै. मेरेकू आदमी रोकना है."

अब्बांनी ताट पुढं ओढलं. दिंडी न्हाणीला लागली, आतून जाड कडी बसली. मोठ्या दरवाजात मात्र त्या जागी भोक पडलं. अब्बांनी दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला त्या भोकासकट दरवाजा बंद केला आणि नेहमीसारखं सांगितलंही. गावानं मान डोलावली. आम्ही दोघी त्या उन्हाळ्यात कडी लावून न्हाऊ लागलो. सवय जात नाही म्हणतात ते खरं, अम्मी आतही पाणी हळूच सोडायची.

त्याच वर्षी आमच्या सरपंच अण्णांच्या अंगात इतिहास शिरला. वेरूळला ते कुणाच्या तरी मुंजीला गेले होते. तिथं त्यांनी गोरे पाहुणे बघितले, चहाच्या टपऱ्या बघितल्या, नारळपाणीवाले बघितले आणि परत येऊन चावडीत सांगितलं की आपल्याकडंबी वेस हाये, आपणबी पाटी लावून घेऊ. पाटी म्हणजे संरक्षित स्मारकाची सरकारी निळी पाटी. पाटी लागली की पाहुणे येणार, पाहुणे आले की डांबरी रस्ता होणार, रस्ता झाला की अण्णा आमदार होणार, असा त्यांचा सरळ हिशेब होता. शहरातल्या एका कचेरीत खेटे घालून त्यांनी एका साहेबांना गाव बघायला यायला कबूल केलं. आता साहेब येणार म्हणजे वेस चांगली दिसली पाहिजे. आणि आपल्याकडं जुनी वस्तू चांगली दिसण्याचा एकच मार्ग आहे, ऑइलपेंट.

कोणता रंग द्यायचा यावर चावडीत इतक्या बैठका झाल्या, की वेस बांधतानाही झाल्या नसतील. कुणी भगवा म्हणालं, कुणी हिरवा, विहारातली पोरं निळ्यावर अडून बसली. भांडण हातघाईवर आलं तेव्हा शाळेच्या भिंतीचा उरलेला चॉकलेटी रंग हेडमास्तरांनी देऊ केला आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. त्या रंगावर कुणाच्याच देवाचा हक्क नव्हता. मग काय, काळा दगड पायापासून शेंड्यापर्यंत चॉकलेटी झाला. वर पांढऱ्या अक्षरात 'सुस्वागतम्', दोन्ही बाजूंना पोपट. कमानीवर कोरलेले दोन हत्ती होते, त्यांच्यावर इतके थर बसले की सोंडा बुजून हत्तींच्या म्हशी झाल्या. शिडी अब्बांनीच धरली होती. चमकणाऱ्या वेशीकडं बघून त्यांचे डोळे भरून आले होते, हे मी स्वतः पाहिलंय. मला तेव्हा वेस सुंदरच वाटली होती, खोटं कशाला बोलू. आमची न्हाणी तेवढी रंगवायची राहिली, कारण रंग संपला.

साहेब शुक्रवारी सकाळी आले. जीपमधून उतरले, गॉगल काढला, वेशीकडं बघितलं आणि गॉगल पुन्हा लावला. अब्बा इस्त्रीचा कुडता घालून काठी घेऊन दारात उभे. अण्णा हार घेऊन. साहेबांनी चॉकलेटी कमानीवर नख मारून बघितलं, पोपट बघितले, म्हशी बघितल्या आणि बरोबरच्या माणसाला म्हणाले, "हे अलीकडचं आहे. स्वागतकमान दिसतेय." अब्बांचा चेहरा मी त्या दिवशी बघितला तसा त्याआधी फक्त एकदाच बघितला होता, त्यांचे वडील गेले तेव्हा. ते काहीतरी बोलायला गेले, पण त्यांना नवाबाचं नावच आठवेना. अण्णांच्या हातातला हार तसाच. आणि तेवढ्यात साहेब डावीकडं वळले आणि थबकले. कोरीव दगड, चुन्याचा दर्जा, छोटी कमान, काळवंडलेल्या भिंती, खिळे ठोकलेलं सागवानी दार. "अरे," साहेब म्हणाले, "हा तर हमाम आहे."

गावाची पंचाईत झाली. खरं सांगायचं तर हे दगड आले कुठून हे सांगावं लागणार. ते सांगितलं की साहेब ओटा बघणार, हौद बघणार, पायऱ्या बघणार. एकमेकांच्या तोंडाकडं बघत सगळे उभे होते. मग अण्णांनी, ज्यांचं राजकारण पुढं खरोखर जिल्ह्यापर्यंत गेलं, क्षणात निर्णय घेतला. "व्हय साहेब. लई जुना. राणी न्हायची म्हणतात इथं." साहेबांनी विचारलं कोणती राणी, तर अण्णा म्हणाले ती पडद्यात असायची, नाव कसं कळणार. सुखदेवकाका शेजारीच उभे होते. गेल्या उन्हाळ्यात आपल्या हातानं लावलेला चुना साहेब बोटानं चाचपतायत आणि असं काम आता कुणाला जमणार नाही म्हणतायत, हे ऐकून त्यांची छाती अशी फुगली की खरं बोलायला आत हवाच उरली नाही. परवाच माझ्या भाच्यानं मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. कुणी तरी पोरगा आमच्या न्हाणीसमोर उभा राहून, पाठीमागं दर्दभरी सनई लावून, राणीच्या हमामाची कहाणी सांगतोय. राणीचं प्रेम होतं म्हणे कुण्या दरवानावर. मी खाली काही लिहिलं नाही. अम्मी असती तर तिनं तो व्हिडिओ गल्लीभर दाखवला असता.

पण त्या सकाळी ती हसण्याच्या स्थितीत नव्हती. साहेब सांगू लागले की वास्तू ताब्यात घ्यावी लागेल, कुलूप पडेल, आत कुणी जायचं नाही, पाणी तर मुळीच नाही, आत चूलबिल पेटवलेली दिसली तर चौकशी होईल. आणि मग अब्बांकडं वळून अगदी चांगल्या मनानं म्हणाले की तुम्ही इथले जुने दरवान दिसता, तुम्हालाच राखणदार नेमू. सरकारी बिल्ला मिळेल, पितळेचा. अब्बांची मान वर आली. अख्खं आयुष्य ज्याची वाट बघितली ते हे होतं. कुणीतरी वरून येऊन म्हणावं की करीम, हे दार तुझं. आता ते आलं होतं, आणि दार होतं माझ्या आईच्या न्हाणीचं. अब्बांनी बिल्ल्याचं नाव ऐकून छातीवर हात ठेवला, जिथं तो लागला असता. मग त्यांनी अम्मीकडं बघितलं. अम्मी देवडीच्या दारात पदर डोक्यावर घेऊन उभी होती. शुक्रवारचं पाणी आतल्या चुलीवर उकळत होतं आणि फरशांच्या फटीतून धूर निघत होता, तो साहेबांना अजून दिसला नव्हता. मला इतका राग आला होता की रडू येत होतं. अजून एका शुक्रवारी ताडपत्रीमागं बसावं लागलं तर मी शहरात मामूकडं निघून जाईन, हे मी मनात पक्कं केलं होतं.

अम्मी गावातल्या चारचौघांत कधी बोलायची नाही. ती आताही बोलली नाही. तिनं खुंटीवरचा टॉवेल घेतला, मला डोळ्यांनी गार पाण्याची बादली उचलायला सांगितली आणि सरपंच, साहेब, ग्रामसेवक, हेडमास्तर या सगळ्यांच्या मधून, वरातीतून वाट काढत ताट न्यावं तशी चालत गेली. न्हाणीत शिरली. मी बादली आत ठेवून बाहेर आले. आतून कडी लागल्याचा आवाज आला.

"बाई काय करतायत आत?" साहेबांनी विचारलं.

"न्हातायत," सुखदेवकाका म्हणाले.

आता बाई आत न्हातेय म्हटल्यावर करणार काय? दार ठोकायचं तर हाताला खिळे. हाक मारायची तर काय म्हणून मारायची? आधी हेडमास्तरांनी पाठ फिरवली, मग अण्णांनी, मग एकेक करून सगळ्यांनी, आणि शेवटी साहेबांनीही. एवढी मोठी ऐतिहासिक वास्तू सापडली आणि अख्खी कमिटी तिच्याकडं पाठ करून उकिरड्याकडं बघत उभी राहिली. आतून पाण्याचा आवाज येऊ लागला. हळूच सोडलेला नव्हे. तांब्या भरून, वरून, खळाळून ओतलेला. मी तसा आवाज आमच्या घरात कधी ऐकला नव्हता. अम्मीनं केस धुतले, ते चोळताना बांगड्या वाजत होत्या. मधेच ती गुणगुणायलाही लागली. तिला गाणं येतं हे त्या दिवशी मला कळलं आणि बहुतेक अब्बांनाही, कारण त्यांनी छातीवरचा हात खाली घेतला. साहेबांनी घड्याळ बघितलं. ग्रामसेवकानं त्यांना सावलीत बसायला सांगितलं. कुणीतरी चहा आणला. तो गार झाला तरी आत पाणी चालूच होतं.

अम्मी बाहेर आली तेव्हा तिच्या तोंडावर वाफेची लाली होती. केस टॉवेलात गुंडाळलेले. साहेबांच्या पाठीला उद्देशून ती शांतपणे म्हणाली, "साब, और एक चाय पियो. अब मेरी बेटी नहाएगी."

साहेब काय समजायचे ते समजले असावेत. पुढं पाटी आली नाही, बिल्लाही आला नाही, कुलूप तर नाहीच. अण्णा आमच्याशी वर्षभर बोलले नाहीत आणि मग निवडणूक आली तेव्हा बोलले. वेशीसमोर आता एका पुढाऱ्याच्या फोटोची खरीखुरी स्वागतकमान झालीय, सिमेंटची, आणि गंमत म्हणजे तीही चॉकलेटीच आहे. पण हे सगळं नंतरचं. तेव्हा मी टॉवेल घेऊन निघाले. सगळ्या कमिटीच्या मधून वाट काढली. आत गेले, कडी लावली, ती लावताना हाताला गार लागली. आत अजून अम्मीच्या शिकेकाईचा वास होता. बाहेर जीप सुरू झाल्याचं ऐकू आलं, मग साहेबांचा आवाज, त्यांना जायच्या आधी दाराचा एक फोटो हवा होता, जरा जवळून. आणि मग काठी जमिनीवर आपटल्याचा आवाज आला. "थांबा," अब्बा म्हणाले, "दरवाजा बंद आहे."

आणि या दरवाजाला वळसा घालायला कुठूनच वाट नव्हती.